सहीपुरते डॉक्टर

आम्ही इंदुरात स्नेहलतागंजात राहतो. तेथून गिरण्यांचा भाग फार दूर नाही. एके काळी ह्या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उजाडत असे आणि भोंग्यावरच मावळत असे. आता ते भोंगे मुके झाले आहेत. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, आणि तिच्या कामगारांचे थकलेले देणे त्यांच्या हाती पडू लागले ते थेट 2023 च्या अखेरीस. गिरणी कामगारांची नातवंडे आमच्या शाळेत शिकतात. त्यांतल्या एका मुलाचे आजोबा पूर्वी एकदा मला म्हणाले होते, “बाई, तीस वर्षे मागावर उभा राहिलो. पण कापडाच्या दुकानापुढून जाताना ह्यातले माझे ठाण कोणते, हे मला कधी ओळखता आले नाही.”

आपल्याच हातचे काम आपल्याला परके व्हावे, ह्या दुःखाला विचारवंतांनी ‘परात्मता’ असे नाव दिले आहे. कार्ल मार्क्सने 1844 साली पॅरिसमध्ये लिहिलेल्या टिपणांत ह्या दुःखाची चिकित्सा केली. मी रविवारी नेमाने मिस्साला जाणारी बाई. मार्क्सचे सगळेच म्हणणे मला पटते असे नाही. परंतु त्या वृद्ध विणकराचा चेहरा आठवला की, हे निदान तरी खरे होते असे मनोमन वाटते.

आता कोणी म्हणेल, गिरणीतल्या कामगाराची गोष्ट वेगळी. यंत्रापुढे माणूस यंत्र होणारच. ज्याच्यासमोर जितेजागते माणूस येऊन बसते, ज्याच्या हाताखाली दुखणे शमते, त्या डॉक्टरला आपले काम परके कसे वाटेल? मलाही असेच वाटत असे. गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, आणि ही समजूत ढळली.

हा मुलगा शाळेत असताना फार चौकस होता. पुढे डॉक्टर झाला आणि माळव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाला. “काम कसे चालले आहे?” असे मी सहज विचारले. तो म्हणाला, “बाई, दिवसातून शंभर सह्या करतो. सही माझी असते. काम कोणाचे असते ते कळत नाही.”

मग त्याने एक हकीकत सांगितली. जुलाबाचे रोगी एकाएकी वाढले होते. त्याने एका साध्या वहीत प्रत्येकाच्या गावापुढे एकेक रेघ ओढावयास आरंभ केला. आठवडाभरात दिसून आले की, निम्म्याहून अधिक रोगी एकाच वस्तीतले आहेत. त्या वस्तीतला हातपंप गटाराला लागून आहे, असे परिचारिकेने सांगितले. सकाळी उठावे, वस्तीत जावे, पंप पाहावा, पाणी तपासावयास पाठवावे, असे त्याच्या मनात होते. परंतु त्या दिवशी पडद्यावरची बैठक होती. दुसऱ्या दिवशी जत्रेचा बंदोबस्त. तिसऱ्या दिवशी महिनाअखेरचे तक्ते. त्याने वर पत्र लिहिले. पाण्याचे खाते वेगळे आहे, आणि नमुनाही योग्य नाही, ह्या शेऱ्यासह ते परत आले. तोवर साथ आपोआप ओसरली. महिन्याचा अहवाल गेला : जुलाबाचे रोगी इतके, जलसंजीवनीची पाकिटे वाटली इतकी.

“अहवाल अगदी पूर्ण होता, बाई,” तो म्हणाला. “फक्त त्यात तो हातपंप नव्हता.”

नोकरीच्या राजीनाम्याचा अर्ज त्याने लिहून ठेवला आहे. शहरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात जावे, असा त्याचा विचार चालला आहे. पगार कमी म्हणून तो निघालेला नाही, आणि खेड्यात राहावे लागते म्हणूनही नाही. त्याने जे पाहिले त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही, हे त्याचे शल्य आहे.

आरोग्यशास्त्राच्या इतिहासात ह्या हकीकतीला एक प्रसिद्ध जोड आहे. 1854 साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो ह्या डॉक्टरने मृत्यू कोठे कोठे झाले ह्याची घरोघर फिरून नोंद केली, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखविले. त्याने तेथल्या मंडळापुढे आपले म्हणणे मांडले, आणि मंडळाने पंपाची दांडी काढून टाकली. स्नोची ती नोंद आज जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकविली जाते. माझ्या विद्यार्थ्यालाही ती शिकविली असेलच. स्नोजवळ फिरावयास वेळ होता, आणि त्याचे म्हणणे ऐकून दांडी काढणारे मंडळ त्याच गावात होते. ह्या दोन गोष्टी मात्र आम्ही आमच्या डॉक्टरला दिलेल्या नाहीत.

श्रोतेहो, ही केंद्रे निघाली तेव्हा त्यांचा हेतू असा नव्हता. त्यांची कल्पना आपल्याकडे मांडली ती 1943 साली नेमलेल्या आणि 1946 साली अहवाल देणाऱ्या समितीने. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकास जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. त्यांचा जन्म 1878 चा; आणि योगायोग असा की, आमच्या इंदुरातली वैद्यकीय शाळाही त्याच साली सुरू झाली. भोर समितीने प्रारंभीच्या काळासाठी दर 40 हजार लोकांमागे एक केंद्र सुचविले, आणि त्यात 2 डॉक्टर, त्यांच्या जोडीला परिचारिका, सुइणी, आरोग्य निरीक्षक असा भरगच्च परिवार असावा असे म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ह्या डॉक्टरने ‘सामाजिक वैद्य’ व्हावे, अशी समितीची अपेक्षा होती. रोग्याच्या नाडीबरोबर त्याच्या घराची, विहिरीची आणि ताटाची नाडीही त्याने पाहावी, असा त्याचा अर्थ.

पुढे 2 ऑक्टोबर 1952 रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. प्रत्यक्षात मात्र एका विकास गटाला एक केंद्र, त्यात बहुधा एक डॉक्टर आणि 6 खाटा. आणि भोवतालची वस्ती 60 हजारांपासून लाखापर्यंत. आज मैदानी भागात 30 हजारांमागे आणि डोंगरी व आदिवासी भागात 20 हजारांमागे एक केंद्र असावे असा दंडक आहे. म्हणजे इमारती वाढल्या, केंद्रे जवळ आली. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘सामाजिक वैद्य’ हा शब्द वाटेत कोठे तरी गळून पडला.

तो कसा गळला, ह्याचा एक धागा इष्टांकांच्या इतिहासात सापडतो. 1966 पासून कुटुंबनियोजनाच्या कामाला इष्टांकांची जोड मिळाली. अमुक केंद्राने वर्षात इतक्या शस्त्रक्रिया केल्याच पाहिजेत, असा हिशेब वरून खाली येऊ लागला. आणीबाणीच्या काळात त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 1976–77 ह्या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या वेळी अनेक ठिकाणी आम्हा शिक्षकांच्या व्यवसायबंधूंवरही माणसे आणण्याची सक्ती झाली होती. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या बापाकडे पाहावे आणि त्याच्यात एक ‘केस’ दिसावी. डॉक्टरने रोग्याकडे पाहावे आणि त्याच्यात एक आकडा दिसावा! लोकांचा दवाखान्यावरचा विश्वास त्या वर्षी जो उडाला तो परत यावयास फार काळ लागला. 1996 साली सरकारने हे इष्टांक अधिकृतपणे मागे घेतले. कागदावरून इष्टांक गेले. इष्टांकाची सवय मात्र राहिली. ती आता तक्त्यांतून संगणकात आणि संगणकातून हातातल्या फोनमध्ये जाऊन बसली आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. लोक म्हणतील, “बाई, डॉक्टरला मोकळीक द्यावी म्हणता; पण आधीच तो जागेवर सापडत नाही! मोकळीक दिली तर खाजगी दवाखाना थाटील, आणि साध्या तापालाही सुई टोचून बाटली लावील.” हा आक्षेप खोटा नाही. मी स्वतः लहान मुलांना घेऊन कुलूप लावलेल्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या बाया पाहिल्या आहेत. शिवाय शिस्त आणि मोजदाद ह्यांनी ह्या देशात मोठी कामे केली आहेत. देवीचा रोग 1975 साली भारतातून गेला आणि पोलिओचा शेवटचा रोगी 2011 साली सापडला, तो घरोघर फिरून, एकेक मूल मोजूनच. तेव्हा आकडा हा काही शत्रू नव्हे.

परंतु आकड्या-आकड्यांत अंतर असते. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतल्या रेघा हाही आकडाच होता. तो त्याने स्वतःच्या प्रश्नासाठी काढला होता, आणि त्याचे उत्तर त्याला उद्या सकाळी कोठे जायचे ते सांगत होते. अहवालातला आकडा दुसऱ्याच्या प्रश्नासाठी काढलेला होता. तो वर गेला आणि तेथेच राहिला. पहिला आकडा डॉक्टरला गावाकडे नेतो. दुसरा त्याला खुर्चीशी बांधतो. आमची तक्रार ह्या दुसऱ्याविषयी आहे. आणि तो एकटाच उरला, म्हणजे डॉक्टर सहीपुरता उरतो.

शुभवर्तमानात मेंढपाळाची एक उपमा आहे. मोलाने ठेवलेला राखण्या लांडगा दिसताच पळ काढतो, कारण मेंढरे त्याची नसतात. लहानपणी ही उपमा ऐकताना मला त्या राखण्याचा राग येई. आता वय वाढल्यावर एक प्रश्न पडतो. ही मेंढरे तुझी आहेत, असे त्याला कधी कोणी म्हटले होते काय? त्याला कुरण निवडू दिले होते काय? की संध्याकाळी शेपट्या मोजून घेणे एवढाच त्याच्याशी संबंध ठेवला होता? मोलकरी हा जन्मत नाही. आपण त्याला तसा घडवितो, आणि मग पळाला म्हणून दोष देतो.

ह्यावर स्वायत्तता हा उपाय आहे खरा. परंतु स्वायत्तता म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘मला कोणी विचारू नये’ ही स्वायत्तता नव्हे. तिचा खरा अर्थ महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्याने दाखवून दिला आहे.

1970 साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडास आले. लोकांना औषध देण्याच्या तयारीने ते आले होते. लोकांची पहिली मागणी मात्र अन्नपाण्याची होती. थोड्याच दिवसांत 1972 चा मोठा दुष्काळ पडला, आणि पाणी व अन्न हेच तेथले पहिले औषध ठरले. आरोळ्यांनी ते मानले. पुढे गावोगाव शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या; त्या परक्या गावात रुजेनात. तेव्हा गावातलीच बाई निवडावी, असा विचार पुढे आला. अशा बायका निवडल्या गेल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या नेमाने जामखेडास येत, शिकत, आणि गावी जाऊन गरोदर बायांची, तान्ह्या मुलांची, जुलाबाच्या रोग्यांची देखभाल करीत.

आता ह्यात विचार करण्यासारखी गोष्ट अशी. ह्या दोघा डॉक्टरांनी आपल्या हातचे कितीतरी काम ह्या बायांच्या हाती देऊन टाकले. आपल्या विद्येवरचा एकाधिकार सोडला. साध्या हिशेबाने पाहिले तर त्यांचा अधिकार घटावयास हवा होता, कामाशी नाते सैल व्हावयास हवे होते. झाले उलटेच. गावातल्या बाईला जे दिसे ते डॉक्टरांपर्यंत येई, आणि डॉक्टर जे ठरवीत ते गावात घडून येई. काम वाटले गेले, तरी परके झाले नाही. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई 1999 साली आणि रजनीकांत 2011 साली निवर्तले. जामखेडचे काम पुढे चालू राहिले. आमच्या प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरची स्थिती ह्याच्या नेमकी उलट आहे. प्रत्येक कागद त्याच्याच सहीने हलतो, आणि एकही निर्णय त्याचा नसतो.

गडचिरोलीतही असेच घडले. डॉक्टर अभय आणि डॉक्टर राणी बंग 1986 साली तेथे गेले. तान्ही मुले का दगावतात, हा प्रश्न त्यांनी गावात बसून अभ्यासला, आणि गावातल्या ‘आरोग्यदूत’ स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी करावयास, वेळ पडल्यास सुईही टोचावयास शिकविले. 39 गावांतल्या ह्या प्रयोगाने नवजात बालमृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले, असा त्यांचा लेख 1999 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि पुढे सरकारनेही घरोघरच्या बालसंगोपनाचा हा मार्ग स्वीकारला. येथेही आकडे होतेच. किंबहुना फार काटेकोर होते. परंतु प्रश्न गावातला होता, आकडा त्या प्रश्नासाठी होता, आणि उत्तर गावातच वापरले गेले.

कोणी म्हणेल, ह्या थोर माणसांच्या गोष्टी झाल्या. नोकरी करणाऱ्या साध्या डॉक्टरकडून अशी तपश्चर्या कशी मागावी? मागूच नये. तपश्चर्येवर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. साध्या माणसालाही आपले काम आपले वाटेल, अशी सोय करता येते काय, एवढेच पाहावयाचे आहे. आणि तशी सोय करण्याचे एक पाऊल आमच्या इंदुरानेच टाकलेले आहे, हे येथल्या पुष्कळांना आता आठवतही नसेल.

1994 साली सुरतेत प्लेगची साथ आली आणि सगळीकडे उंदरांची धास्ती पसरली. आमचे महाराजा यशवंतराव रुग्णालय तेव्हा उंदरांनी पोखरलेले होते. ते रिकामे करून स्वच्छ करण्यात आले, आणि त्या खटपटीतून ‘रोगी कल्याण समिती’ जन्मास आली. रुग्णालयात जमणारा पैसा राजधानीच्या खजिन्यात न जाता तेथेच राहावा, आणि तो कशावर खर्चावा हे तेथल्याच समितीने ठरवावे, अशी ही योजना. रोग्यांकडून शुल्क घ्यावे की नाही, ह्याविषयी मतभेद झाले आणि ते योग्यच होते. गरिबाला दवाखान्याच्या दारात पैसे मोजावे लागू नयेत. परंतु फुटकी काच बदलण्यासाठी वरच्या मंजुरीची वाट पाहू नये, हा विचार टिकला. मध्य प्रदेशात तो पसरला, आणि 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा देशभरच्या केंद्रांत अशा समित्या आणि अशा खर्चासाठी थोडा मोकळा निधी आला.

म्हणजे पैशाच्या बाबतीत जागच्या जागी ठरविण्याचा हक्क आपण तत्त्वतः मान्य केला आहे. आता तोच हक्क डॉक्टरच्या नजरेला द्यावा, एवढेच माझे मागणे आहे. मी शिक्षिका आहे, शासनकर्ती नव्हे. तरीही तीन साध्या गोष्टी सुचविते.

पहिली : आठवड्यातला एक दिवस असा असावा की, त्या दिवशी डॉक्टरला कोणतीही बैठक, कोणताही तक्ता, कोणताही बंदोबस्त नसेल. त्या दिवशी त्याने एखाद्या वस्तीत जावे. कोठे जावे, हे त्याच्या वहीने ठरवावे.

दुसरी : आपल्या भागात आजार कशामुळे होतो ह्याविषयी डॉक्टरने लिहिलेल्या पत्राला, मग ते पाण्याविषयी असो, रस्त्याविषयी असो की रेशनच्या धान्याविषयी असो, संबंधित खात्याने ठराविक मुदतीत उत्तर देणे बंधनकारक असावे. नमुना चुकला, हे उत्तर नव्हे.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती : महिन्याचा अहवाल वर जाण्याआधी गावापुढे वाचला जावा. ‘जुलाबाचे रोगी इतके’ हे वाक्य ज्यांना जुलाब झाले त्यांच्यासमोर वाचले, की कोणी तरी उठून म्हणेलच, “डॉक्टरसाहेब, त्या पंपाचे काय?” आळशी डॉक्टरला ह्या प्रश्नाचा धाक वाटेल, आणि चौकस डॉक्टरला ह्याच प्रश्नाचा आधार वाटेल. मघाच्या आक्षेपालाही माझे हेच उत्तर आहे. वरच्या अधिकाऱ्याला कुलूप दिसत नाही. पायरीवर बसलेल्या बाईला ते दिसते. जो तिला जबाबदार आहे त्याला मोकळीक देण्याचे भय नको.

आमच्या शाळांतूनही हेच दुखणे आहे. वर्ग सोडून तक्ते भरीत बसलेल्या शिक्षकाला मुलाचा चेहरा आठवत नाही. परंतु आम्हाला एक सुख असते : वर्षानुवर्षांनी का होईना, एखादा विद्यार्थी दारात येऊन उभा राहतो आणि आपले ठाण आपल्याला ओळखता येते. त्या दिवशी माझ्या दारात आलेला मुलगा स्वतः मात्र ह्या सुखाला पारखा झाला होता.

मी त्याला, नोकरी सोड असेही म्हटले नाही, सोडू नकोस असेही म्हटले नाही. तो निघताना मी फक्त ती वही पाहावयास मागितली. त्याच्याजवळ होती. साधी, दुहेरी रेघांची, शाळेतल्यासारखी वही. गावांची नावे आणि पुढे पेन्सिलीच्या रेघा. साथ ओसरून दोन महिने झाले होते, पण रेघा चालूच होत्या. शेवटची रेघ आदल्याच दिवशीची होती.

श्रोतेहो, अशा वह्या कितीतरी दवाखान्यांच्या खणांत पडलेल्या असतील. तुमच्या गावच्या किंवा वस्तीतल्या दवाखान्यात तुम्ही जाल तेव्हा औषध तर घ्याच. पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : “डॉक्टर, आमच्याकडे सध्या कशाची साथ आहे, आणि ती कशामुळे?” पहिल्यांदा ते कदाचित चकित होतील. दुसऱ्यांदा वही उघडतील.